उताराला न्यूट्रल

२ मार्च

मिलिंदने मुंबईहून गाडी पाठवली. पांढरी, जुनी, पुढच्या दाराला पोचा. त्याचा मित्र घेऊन आला, अंगणात फणसाखाली लावली. मी हात पुढे केला होता. त्याने चावी माझ्या हातावरून पलीकडे नेली आणि प्रज्ञाला दिली. "वहिनी, मिलिंद बोलला, चावी तुमच्याकडेच."

एकतीस वर्षं एसटी हाकली मी. विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे कपाटात, मिलिंदच्या आईच्या फोटोमागे. आणि चावी सुनेला. जिला सायकलवरून उतरताना पाय कुठे टेकायचा ते कळत नाही.

अपघात : निरंक. (निवृत्त झालो तरी लॉगशीटचा हा रकाना भरल्याशिवाय दिवस मिटत नाही. बायको होती तोवर रोज चेष्टा करायची.)

४ मार्च

मिलिंदचा फोन. "बाबा, तुम्हीच शिकवा तिला. क्लासवाले सपाटीवर फिरवतात, आपला घाट त्यांना काय माहीत?"

जानेवारीत लायसन नवं करायला गेलो तेव्हा खेडच्या डॉक्टरने सर्टिफिकेटवर सही केली नाही. साखरेने डोळ्यांचे पडदे गेलेत म्हणे. म्हणजे चालवायला मी आंधळा आणि शिकवायला डोळस. लायसन नसलेला मास्तर आणि कच्च्या लायसनवाली शिष्या. आरटीओने धरलं तर दोघांची वरात निघेल. पण आमच्या वाडीवर कोण मरायला येतंय तपासायला.

प्रज्ञाला जूनपासून लोट्याच्या कंपनीत नोकरी आहे, लॅबमध्ये. सकाळी आठला हजर. वाडीवरून पहिली एसटी सव्वाआठला सुटते. गाडी चालवता आली तर नोकरी, नाहीतर चूल. तन्वीलाही खेडच्या शाळेत घालणार आहे, तिसरीत. माझ्या नातीला. सगळं माझ्याच हातात आलं की.

अ. निरंक.

७ मार्च

सड्यावर नेली. कातळच कातळ, आपटायला एक झाड नाही.

पहिल्यांदा खाली उतरवून टायर दाखवले. म्हटलं, सांग, गाडी रस्त्याला किती चिकटलेली असते? म्हटलं, तळहात दाखव. एका टायरची एवढीच जागा रस्त्याला टेकते. चार टायर, चार तळहात. त्या चार तळहातांवर तू, तुझी पोर आणि हजार किलो लोखंड. ते सुटले की तू गेलीस. स्टिअरिंग, ब्रेक, देव, दैत्य, कोणी काही करत नाही.

वहीत लिहून घेत होती. वहीत!

अकरा वेळा गाडी बंद पाडली. प्रत्येक वेळी मी मोठ्याने आकडा म्हटला.

९ मार्च

डावा पाय सारखा क्लचवर ठेवते. तिथे काय झोपाळा बांधलाय? छत्रीचं टोक घेऊन बसलो. पाय टेकला की टोक. संध्याकाळी घोट्यावर निळं दिसलं. तन्वीने विचारलं, "आई, काय झालं?" तर म्हणाली, "दगड लागला गो."

आमच्या वस्तादाने मला पान्ह्याने मारलं होतं. मी मेलो नाही.

अ. निरंक.

१६ मार्च

चढणीवर गाडी उभी करून परत उठवायची. हँडब्रेक, अर्धा क्लच, इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक सोड. सतरा वेळा सांगितलं. प्र. मागे घरंगळतेच.

शेवटी तिचा मोबाईल मागितला. तिला वाटलं फोन करायचाय. मी उतरून तो मागच्या चाकामागे ठेवला, चार बोटं अंतरावर. म्हटलं, आता ये मागे.

ओठ चावून बसली होती. गाडी उचलली, दचकली, मागे आली. काच तडकली. फोन चालू आहे. मी उचलून तिच्या मांडीवर ठेवला, म्हटलं, हा फोन होता, उद्या पोर असेल.

रडली नाही. रडायला हवी होती.

२३ मार्च

आज तोच चढ. मी मागितला नव्हता तरी तिने स्वतः मोबाईल काढून माझ्या हातात दिला. मागे ठेवला. गाडी एक बोटभर सरकली नाही. सात वेळा करून दाखवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, रस्ता माझ्याकडे नाही, पुढे आहे.

शाबास म्हणावंसं वाटलं होतं. गिळलं.

अ. निरंक.

५ एप्रिल

प्र. ला कान आहे. गिअर बदलताना काट्याकडे बघत नाही, आवाजावर बदलते. आमच्या डेपोत असे चार होते, त्यातला एक मी. ओल्या मातीत पहिला टाकून चाकं गरगरवू नकोस, दुसऱ्यात हळू उचल, हे एकदाच सांगितलं. नळ फुटला होता तिथल्या लाल चिखलातून अलगद काढली. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. तेही जमलं.

मिलिंदला मी कधी शिकवलं नाही. सोळाचा असताना एकदा शेजारच्या जीपच्या स्टिअरिंगवर बसला, अशी एक कानाखाली दिली की परत गाडीजवळ फिरकला नाही. मुंबईत जाऊन शिकला, कुणाकडून देव जाणे. ही मात्र शिकतेय माझ्याकडून. आणि चांगली शिकतेय. जीव जळतो.

आता फक्त उतार राहिला. चढण कुणीही शिकवील. उताराला मास्तर लागतो.

१४ एप्रिल

जयंती. खेडला मिरवणूक, निळा फेटा बांधून गेलो. डॉक्टरचा कंपाउंडर भेटला, आमच्याच नात्यातला. सरबत पिता पिता म्हणाला, "डायवरबाबा, साहेब काय सही करणार होते हो? तुमची सूनबाई आधीच येऊन सांगून गेली होती. संध्याकाळ झाली की त्यांना समोरचं माणूस ओळखू येत नाही, खोटं सर्टिफिकेट देऊ नका म्हणून."

सरबत तसंच ठेवलं. मिरवणूक सोडून घरी आलो.

१५ एप्रिल

जेवलो नाही. प्र. दोनदा ताट घेऊन आली. "बाबा, बरं वाटत नाही का?" म्हटलं, बरं आहे.

डिसेंबरात संध्याकाळी शेजारच्यांची जीप चालवताना मी वाटेवर शेजारच्या वामनची म्हैस बघितली नव्हती, जीप गटारात जायची वाचली. फक्त तिने बघितलं होतं. म्हणजे ती खरं बोलली. खरं बोलली म्हणून काय झालं? मला सांगायचं होतं ना तोंडावर. पाठीमागे जाऊन माझे हात कापले आणि त्याच हातांकडून गाडी शिकतेय. आणि चावी हिच्याकडे!

रकाना भरला नाही. आत्ता भरतो. निरंक.

१७ एप्रिल

आज उतार.

घाटमाथ्यावर गाडी थांबवली. प्र. म्हणाली, "बाबा, मी मोबाईलवर बघितलं. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवायची म्हणतात. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत."

शंभर टक्के बरोबर. ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर, हे वस्तादाचं पहिलं वाक्य. एकतीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही.

मी म्हटलं, "त्या मोबाईलवाल्याने घाट बघितलाय का बापजन्मात? उताराला न्यूट्रल कर. पाय ब्रेकवर ठेव. पेट्रोलचा थेंब जळत नाही. जुने डायवर असेच उतरतात."

तिने माझ्याकडे बघितलं. वाटलं, पकडलं हिने. मग गिअर काढला.

मनात होतं, गाडी सुसाट सुटेल, हिची फाटेल, चावी आणून माझ्यापुढे टाकेल. बाबा, नको मला ही गाडी. कुठलं काय. रस्ता कोरडा, ब्रेक धड. गाडी पाण्यासारखी खाली उतरली. खाली पोचल्यावर हसली. "बाबा, किती सोपं हो!"

रात्री माझ्यासाठी सुक्या बोंबलाचं केलं, मला आवडतं तसं, तिखट. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

अ. निरंक.

१ मे

मिलिंदचा फोन. प्र. ने त्याला सगळं सांगितलेलं. "बाबा, उताराला न्यूट्रल! मला कधी सांगितलं नाहीत हे. बायकोला शिकवलंत, मुलाला नाही. मीपण आता मित्राच्या गाडीवर तसंच करणार. पेट्रोल काय झालंय इकडे!"

म्हटलं, कर.

मुंबईत कुठे घाट आहेत.

२० मे

प्र. पास झाली. आरटीओच्या कॅम्पला आठ जणांत एकटीच बाई, चढावर पहिल्या झटक्यात उचलली. साहेबाने विचारलं, कुठल्या क्लासला होतात? ही म्हणाली, "सासऱ्यांकडे."

पेढे आणले. एक मिलिंदच्या आईच्या फोटोपुढे, एक मला. पाया पडली. घोट्यावरचा डाग अजून गेलेला नाही तिच्या.

सांगून टाकावं असं वाटलं. पेढा तोंडात होता.

अ. निरंक.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. प्र. ची नोकरीही आजपासून. पावणेसातला निघाल्या. तन्वी मागच्या सीटवर, नवं दप्तर, काचेतून हात. पाऊस कोसळतोय.

आमच्या अंगणातून घाट दिसत नाही पण ऐकू येतो. गिअरात असली की गाडी गुरगुरत उतरते, पार खालच्या मोरीपर्यंत आवाज येतो. न्यूट्रल केली की पहिल्या वळणालाच आवाज मरतो.

पहिल्या वळणालाच आवाज मेला.

मी छत्री न घेता उभा होतो. साडेसातला तिचा फोन आला, तन्वीला शाळेत सोडलं म्हणून. मग आत आलो.

अ. निरंक.

१८ जून

संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. ती आली, ओली चिंब, दमलेली, आल्या आल्या माझी साखरेची गोळी आणून दिली. "बाबा, तुमच्यामुळे हे जमलं." आता अशा बाईला काय सांगायचं? की मी तुला मुद्दाम चुकीचं शिकवलं? तुझा सूड घेतला, नातीला मागच्या सीटवर बसवून?

उद्या.

२४ जून

रोज तेच. पावणेसात, पहिलं वळण, आवाज बंद. मग मी मोजत बसतो. पहिलं वळण. दुसरं, तिथे आंब्याची पानं पडून रस्ता तेलकट होतो. तिसरं वळण मोरीचं, सगळ्यात वाईट. दरड कापलीय, लाल माती धुऊन रस्त्यावर येते, डांबर दिसतच नाही. गिअरात असलेली गाडी तिथे रांगत जाते. सुटलेली गाडी तिथे ब्रेक मारला की चाकं जाम आणि गाडी घसरत जाईल तशी. मला हे डोळे मिटून दिसतं. डोळे उघडे ठेवून मला काही दिसत नाही, हा भाग वेगळा.

चहा घेतला नाही फोन येईपर्यंत.

अ. निरंक.

१ जुलै

प्र. म्हणाली, "बाबा, खाली पोचेपर्यंत ब्रेक मऊ लागतो. वासही येतो, जळल्यासारखा."

आता तरी. आता तरी सांगायचं की नाही भडव्या!

म्हटलं, गॅरेजला दाखव.

४ जुलै

बशीरच्या गॅरेजला दाखवली म्हणे. ब्रेकचे लायनर करपले होते. नवे यायला आठवडा लागणार, तोवर गाडी तिथेच, दोघी रिक्षाने जाणार. बशीर काय म्हणाला, मी विचारलं. "काही नाही," म्हणाली.

१० जुलै

गाडी गॅरेजमधून आली. आषाढ पौर्णिमा. आजपासून वर्षावास, विहारात रोज वाचन. पंचशील म्हणायला सगळे उभे. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा माझा आवाज बसला. शेजारचा वामन म्हणाला, "काय डायवर, सर्दी?" म्हटलं, हो. तेही खोटं.

११ जुलै

पावणेसात. पहिलं वळण. आवाज मेला नाही.

गुरगुरत गेली. दुसऱ्यात. दुसरं वळण, तिसरं, मोरी. पार खालपर्यंत गुरगुर. तसाच ओट्यावर बसलो. सुटलो म्हटलं.

मग डोक्यात आलं. म्हणजे तिला कळलंय.

अ. निरंक.

१३ जुलै

बोलत नाही. म्हणजे बोलते, जेवा, गोळी घ्या, पाणी तापलंय. डोळ्याला डोळा देत नाही. बोंबलाचं कालवण नाही, नुसतं वरण. मीही काही विचारत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण माझ्यावरूनच केली असणार.

१९ जुलै, शनिवार

हे आज लिहिलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही.

सुट्टी होती. सकाळी म्हणाली, "बाबा, चला, खेडला तुमचे डोळे दाखवून आणते." तन्वीला शेजारी ठेवलं. मी पुढे बसलो. पट्टा तिने स्वतः लावला मला, ओढून बघितला. पाऊस धो धो.

घाटमाथ्यावर गाडी थांबवली. पुढे बघत म्हणाली, "बाबा, उताराला न्यूट्रल ना?"

मी पट्टा धरला.

गिअर काढला. ब्रेकवरचा पाय उचलला.

इंजिनाचा आवाज गेला, फक्त वायपर आणि पाणी. पहिलं वळण. एकदाच ब्रेक, वळणाच्या आधी, बरोबर, मी शिकवलेला. पुन्हा सोडला. गाडी जोर धरायला लागली. माझा पाय आपोआप खाली दाबला जात होता, माझ्या बाजूला काय ब्रेक आहे?

"असेच उतरतात ना जुने डायवर?"

दुसरं वळण. पानं. मागचं चाक जरासं सरकलं, मला बुडाखाली कळलं ते. तिलाही कळलं असणार, तिला कान आहे. स्टिअरिंग न ओढता सावरली. चेहऱ्यावर काही नाही. भिंत.

"बशीरभाई काय म्हणाला सांगू? वैनी, तुमचा सासरा एवढा डायवर, आणि तुम्ही न्यूट्रलात उतरता? म्हाताऱ्याने बघितलं तर छत्री हाणील तुमच्या टाळक्यात. मी म्हटलं, माझीच चूक, भाई. बाबांनी नाही असं शिकवलं."

मोरी यायला शंभर पावलं. लाल पाणी मला दिसलं. मला, ज्याला काही दिसत नाही. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. एकतीस वर्षं! शरम वाटली, काय सांगू. मरायची भीती होती, पण त्याच्यावर शरम बसली होती चढून.

"बाबा, बोला."

"दुसऱ्यात घाल."

"का?"

"बाय माझे, दुसऱ्यात घाल!"

"का, ते सांगा."

"मी मुद्दाम शिकवलं. तू डॉक्टरला सांगितलंस म्हणून. मुद्दाम!"

क्लच, तिसरा, एक गुरगुर, मग दुसरा. हळू सोडला क्लच, हिसका नाही. इंजिनाने गाडी धरली. लाल चिखलातून रांगत गेली. चार तळहात. अशी गाडी मीसुद्धा काढली नसती, आईशप्पथ.

मोरीपलीकडे बाजूला घेऊन थांबली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. रडत नव्हती. म्हणाली, "चौदा दिवस नोकरीचे मी मोजलेत, बाबा, बशीरकडे जाईपर्यंत. चौदा दिवस तन्वी मागे होती. तुम्ही अंगणात उभे राहून टाटा करत होतात."

मी म्हटलं, "मी ऐकत होतो गो." कशाला म्हटलं कोण जाणे. त्याने तर आणखीनच घाण वाटलं ते.

डॉक्टरकडे नेलंच तिने. डोळे तपासले. काही उपयोग नाही म्हणाला.

२१ जुलै

प्र. म्हणाली, "मिलिंद दोन तारखेला येतोय, शनिवारी. तुम्ही सांगायचं त्याला. तोंडाने, माझ्यासमोर. मी एक शब्द बोलणार नाही. नाही सांगितलंत तर मी आणि तन्वी खेडला खोली घेतो, तुम्ही बसा इथे बिल्ला लावून."

म्हटलं, फोनवर सांगू का? "नाही. त्याचं तोंड बघून सांगा."

२७ जुलै

पाठ करतोय. मिलिंद, मला तुला एक सांगायचंय. पुढे जात नाही. त्याला त्या एका थोबाडीपलीकडे मी काय दिलं आयुष्यात? आणि आता हे देणार.

बिल्ला काढून बघितला. गंज चढलाय पिनेला. निरंक, निरंक, निरंक लिहीत आलो. वहीची मागची पानं चाळली तर एप्रिलपासून तोच शब्द, स्वच्छ अक्षरात. काय अक्षर आहे माझं!

१ ऑगस्ट

मिलिंद उद्या पहाटे निघतोय, मित्राच्या गाडीने. तिघं दोस्त बरोबर. फोनवर खूश होता. "बाबा, हायवेच्या बोगद्यातून नाही येत. दोस्तांना जुना घाट बघायचाय, वर धुक्यात चहा घेऊ आणि मग उतरू. दहापर्यंत खेड."

प्र. ने उद्यासाठी कोंबडी सांगून ठेवलीय. मी म्हटलं, जेवायच्या आधी सांगीन. ती "बरं" म्हणाली. आज पहिल्यांदा डोळ्याला डोळा दिला.

अ. निरंक.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी ९.२०. प्र. च्या मोबाईलवर मिलिंदचा फोटो आला. घाटमाथा, धुकं, चौघांच्या हातात चहा. फोटोखाली लिहिलंय : आता बाबांची ट्रिक! खाली उतरून फोन करतो.

प्र. वाटण वाटत होती. वाचलं आणि तिच्या तोंडाचा रंग गेला. "मीच सांगितलं होतं त्याला," म्हणाली. "मे महिन्यात. विसरलेच हो मी."

म्हटलं, "तू नाही. मी कर म्हटलं त्याला."

९.२५. फोन लागत नाही. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पाऊस आहे, इकडेही, तिकडेही असणार. मित्राची गाडी कसली, टायर कसले, काही माहीत नाही. चार माणसं म्हणजे वजन किती.

९.३०. तिने ती तडकलेली काच माझ्या तोंडापुढे धरली. "बोला, व्हॉइस मेसेज. थांबला असेल कुठे तर ऐकेल." बोललो. "मिलिंद, न्यूट्रल करू नको. दुसऱ्यात घाल. प्रज्ञाला मी खोटं शिकवलं, मुद्दाम, रागाने. तू दुसऱ्यात घाल, बाळा." एवढंच. एवढं बोलायला साडेतीन महिने लागले. आणि बाळा मी त्याला कधी म्हटलेलं नाही.

एक टिक.

९.५०. एकच टिक. दोस्तांचे नंबर प्र. कडे नाहीत. माझ्याकडे कुठून असणार.

१०.१५. आता खेडात पोचायला हवा होता. तन्वी विचारतेय, पप्पा कुठे? प्र. ने चुलीवरचं उतरवून ठेवलं.

१०.३५. एकच टिक. मी पुन्हा पुन्हा बघायला मागतो, मला टिक दिसत नाही नीट, ती सांगते. एकच आहे, बाबा.

१०.४०. प्र. गाडी काढतेय. तन्वीला वामनकडे सोडलं. दार उघडून म्हणाली, "पुढे बसा. जुन्या घाटाची वळणं तुम्हाला पाठ आहेत."

वही इथेच ठेवतो. रकाना आल्यावर भरीन.